फ्लीटवूडच्या धुरीघरातला डेस

डेस थ्रेलफॉलची माझी पहिली ठळक आठवण म्हणजे त्याला प्रार्थनाघरातून कान धरून बाहेर काढलं तो रविवार. ऑर्गन वाजवायला मिस ऑर्मरॉडबाईंनी त्याला बसवलं होतं, कारण बाकी आम्हा पोरांत कुणाचीच बोटं धड चालत नव्हती. बाईंना शिंकांचा झटका आला, त्या रुमाल शोधत आतल्या खोलीत गेल्या, आणि परत येईपर्यंत डेसने देवाच्या स्तोत्राला असा काही ठेका लावला होता की पहिल्या बाकावरच्या मिसेस क्लेग खांदे हलवत गायला लागल्या होत्या.

"हे देवाचं घर आहे, नाचघर नव्हे!" बाई ओरडल्या.

"पण बाई, मिसेस क्लेग जाग्या आहेत," डेस म्हणाला. "दर रविवारी त्या घोरतात."

खरं बोलला म्हणून दुसराही कान ओढला गेला. बाहेर पायरीवर बसून तो कान चोळत होता. मी बाजूला जाऊन बसलो. मी विल्फ, त्याच्याच गल्लीतला. "तुला काही वाजवता येतं का?" त्याने मला विचारलं. मी नाही म्हणालो. "मग तू बास गिटार घे," तो म्हणाला. आमची दोस्ती तिथून सुरू झाली, आणि माझं बास वाजवणंही. दोन्ही अजून चालू आहेत.

आमचं फ्लीटवूड तेव्हा माशांवर जगायचं. डेसचा बाप हॅरल्ड ट्रॉलरवर होता. आइसलंडच्या बाजूला जायचा, आठवडे-आठवडे तिकडेच. घरी आला की एक दिवस झोपायचा, एक दिवस प्यायचा आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांची चौकशी करून पुन्हा बोटीवर. पोरगा गिटार वाजवतो म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "वाजव की. बोटीवर नाही आलास तर हातपाय शाबूत राहतील."

चौसष्ट साली आमचा बँड उभा राहिला. नाव 'द वायर लाइट्स', आमच्या वायर नदीवरून. डेस गिटारवर, मी बासवर, ड्रमवर माझा मावसभाऊ आणि गायला जेराल्ड पिलिंग. जेराल्ड दिसायला देखणा आणि ते त्याला फार लवकर कळलेलं. खलाशांच्या क्लबात आम्ही दर शनिवारी वाजवायचो. लोकांना माहीत असलेली गाणी वाजवली की सगळे खूश. डेसची स्वतःची गाणी सुरू झाली की बिअर आणायला रांग लागायची.

डेसच्या गाण्यांत एक मुलगी खिडकीत उभी असायची. कधी चांदण्यात, कधी पावसात, कधी डोळ्यांत पाणी आणून, पण ती खिडकी काही सोडायची नाही. एका शनिवारी असंच तिसरं गाणं संपलं, टाळ्या चारदोन पडल्या, आणि पुढच्या टेबलावरून एक आवाज आला. माईक नसताना तो आमच्या स्पीकरपेक्षा मोठा होता.

"काय रे ए, गिटारवाल्या! त्या पोरीला काही कामधंदा नाही का?"

अख्खा क्लब हसला. ती नोरीन स्वॉरब्रिक होती. डॉकवरच्या शेडमध्ये मासे चिरायच्या कामावर होती. तिच्या मैत्रिणी टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या.

डेस लाल झाला. "ती वाट बघतेय," तो माईकवर म्हणाला.

"कुणाची? तुझी? मग बस म्हणावं, वाट बघत."

तिसऱ्या दिवशी डेस मला म्हणाला, "चल, तिला जाब विचारतो." आम्ही शेडमध्ये गेलो. आत बायका लांबच लांब ओट्यांशी उभ्या, पायांत रबरी बूट, कमरेला ओलं एप्रन, बर्फाच्या पाण्यात हात. सुऱ्या अशा चालत होत्या की नजर ठरत नव्हती. पेट्या आदळतायत, पाणी वाहतंय, मशीन घरघरतंय, आणि या सगळ्याच्या वरून बायका गातायत. नोरीनने आम्हाला पाहिलं, पण सुरी थांबवली नाही.

"काय, भांडायला आलास?"

"माझ्या गाण्यात काय वाईट आहे?" डेसला ओरडावं लागलं.

"वाईट काही नाही. त्यात काहीच नाही. तू कधी खिडकीत उभी राहिलेली मुलगी पाहिलीस? मला तर खिडकी पुसायला पण रविवार उजाडावा लागतो. इथे येऊन उभा राहा आठवडाभर, मग लिही."

तिला वाटलं, हा जाईल. डेस खरंच फोरमनला भेटला आणि दुसऱ्या दिवसापासून पेट्या ओढायच्या कामावर लागला. वर सुरी हातात घ्यायची हौस केली, आणि डाव्या हाताचं बोट असं कापून घेतलं की त्या शनिवारी क्लबात नुसता उभा राहून डोकं हलवत होता. पण तिथे त्याने कान उघडे ठेवले. शुक्रवारी काम सुटलं की या पोरी लिंबं अर्धी कापायच्या आणि हातांना, कोपरांना, मानेला चोळायच्या. रात्री नाच असायचा ना. माशाचा वास जावा म्हणून.

"जातो का?" डेसने नोरीनला विचारलं.

"छे! माशाला लिंबू लावलं की काय होतं? जास्तच भूक लागेल असा मासा होतो. नाचायला आलेल्या पोरांना लिंबाचा वास आला की बरोब्बर कळतं, ही शेडमधली."

"मग लावता कशाला?"

नोरीनने जरा विचार केला. "शुक्रवार आहे म्हणून," ती म्हणाली.

त्यावर डेसने गाणं लिहिलं, 'शुक्रवारचं लिंबू'. ठेका सुऱ्यांचा, आणि मधे बायकांनी एकदम गायचं एक कडवं. क्लबात ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बिअरची रांग मोडली. शेडमधल्या पोरी टेबलावर चढल्या. नोरीन चढली नाही. हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हं. आता मुलीला कामधंदा मिळाला."

मग लंडनहून एक माणूस आला. मिस्टर पेम्ब्रुक, एका रेकॉर्ड कंपनीचा निर्माता. पट्ट्यापट्ट्यांचा सूट, मऊ हात. ब्लॅकपूलला कुणाला तरी ऐकायला आला होता, ट्रामचा शेवटचा थांबा बघू म्हणून इकडे पोचला आणि क्लबात आमच्यासमोर बसला. महिन्याभरात आम्ही लंडनच्या स्टुडिओत होतो. मी तर आधी गालिच्यावरून बूट काढूनच चाललो.

"गाणं फर्मास आहे," पेम्ब्रुक म्हणाले. "फक्त ते लिंबू. आणि मासे. माणसं जेवताना रेडिओ ऐकतात, डेस्मंड."

"जेवताना मासेच खातात की," डेस पुटपुटला. पण मोठ्याने काही बोलला नाही. आम्ही विशीतली पोरं, समोर काच, काचेपलीकडे तीन माणसं आणि शेकडो बटणं. लिंबाची लिली झाली. शेडची बाग झाली. सुऱ्यांचा ठेका गेला आणि त्या जागी बारा व्हायोलिनवाले आले. छान लोक होते, मधल्या सुट्टीत आम्हाला सँडविच दिलं. जेराल्डने ते नवं गाणं डोळे मिटून असं काही गायलं की पेम्ब्रुकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

रेकॉर्ड रेडिओवर एकदाच वाजली. आम्ही चिप्सच्या दुकानात होतो. नोरीन रांगेत पुढे होती. गाणं संपलं तसं तिने वळून विचारलं, "लिली कुठे उगवते रे आपल्या डॉकवर? मला दाखव, मी आईला नेऊन देते."

डेसने चिप्स तिथेच ठेवल्या आणि बाहेर गेला. मी मागून गेलो, आणि हो, त्याच्या चिप्स घेऊन गेलो.

"विल्फ," तो समुद्राकडे बघत म्हणाला, "गाणं लिहिणाऱ्याचं काही चालत नाही. काचेपलीकडे बसतो ना, त्याचं चालतं. मला तिकडे बसायचंय."

त्याच पंधरवड्यात पेम्ब्रुकसाहेबांच्या बोलावण्यावरून जेराल्ड एकटाच लंडनला गेला. त्याचं नाव आता लान्स गॅलंट झालं होतं. स्टेशनवर त्याने आम्हा सगळ्यांना मिठी मारली आणि डेसला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, लेका." डेस म्हणाला, "नाही वाटत." मला वाटतं, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव खोटं.

नोरीनच्या काकाचं एक बंद पडलेलं धुरीघर होतं. हेरिंग मासे उभे चिरून, आकड्यांना लटकवून, लाकडाच्या भुशाच्या धुरावर रात्रभर ठेवायचे आणि त्यांचे किपर करायचे, ती जागा. विटांची, खिडकी नसलेली, वर उंच धुराडं. भिंतींवर वर्षानुवर्षांची काळी चिकट पुटं. डेसने ते घेतलं. आवाज शोषायला अंड्यांचे ट्रे भिंतींना ठोकले, शाळेने टाकून दिलेलं टेप मशीन दुरुस्त केलं, मधे काच बसवली. ती काच ट्रॉलरच्या केबिनची होती, जाड आणि किंचित हिरवी. पलीकडचे सगळे बुडाल्यासारखे दिसायचे.

आणि धुराडं! डेसने खाली स्पीकर ठेवला, वर माईक टांगला. खालून सोडलेला आवाज वर पोचेपर्यंत त्याला असा घुमारा यायचा की लंडनच्या गालिच्यावाल्यांनाही जमला नसता. फक्त वर सीगल पक्षी ओरडत बसलेला नको. आमच्या पहिल्या सहा गाण्यांत कुठे ना कुठे सीगल आहे. तिसऱ्यात तर तो सुरात आहे.

डेसला 'शुक्रवारचं लिंबू' परत करायचं होतं, पहिलं होतं तसं. पण गायला कोण?

"तू," तो नोरीनला म्हणाला.

"वेड लागलंय का? माझा आवाज म्हणजे बोटीचा भोंगा."

"तोच हवाय."

"माझ्या आईला विचार. ती मला लहानपणी गाऊ नको म्हणून गोळ्या द्यायची."

"चॉकलेट देऊ?"

"मैत्रिणींना पण द्यावं लागेल," नोरीन म्हणाली.

शेड सुटल्यावर दुपारी त्या पाच जणी आल्या, रबरी बुटांसकट. डेसने सांगितलं, मशीनच्या वरून गाता तशाच गा. मशीन नव्हतं, तर त्याने माझ्या हातात पत्र्याची बादली आणि साखळी दिली. नोरीनने पहिली ओळ घेतली आणि हिरव्या काचेपलीकडे डेस खुर्चीतून उठला. तिचा आवाज गोड नव्हता. खरखरीत, रुंद, कडेला जरा फाटलेला. पण ती 'शुक्रवार' म्हणाली की ऐकणाऱ्याला आठवडाभराचं काम एकदम पाठीवरून उतरल्यासारखं वाटायचं. गाणं झाल्यावर ती म्हणाली, "झालं? मला घरी बटाटे सोलायचेत."

रेकॉर्डी तर काढल्या, पण वाजवणार कोण? रेडिओवाल्यांनी पाकीट न फोडताच परत पाठवलं. तेव्हा हॅरल्डने कमाल केली. आइल ऑफ मॅनजवळ समुद्रात एक जहाज नांगरून असायचं, त्यावरून बिनपरवाना रेडिओ चालायचा. सगळी तरुण पोरं तोच ऐकायची. हॅरल्डने कप्तानाला काय पटवलं कोण जाणे, त्यांची ट्रॉलर परत येताना त्या जहाजाला खेटली. वर दोन फिकुटलेले निवेदक कठड्याशी आले. कितीतरी दिवस डब्यातला वाटाणा खाऊन राहिलेले.

"कॉड मासा हवाय का, पोरांनो?" हॅरल्ड खालून ओरडला. "ताजा!"

"हवाय! हवाय!"

"मग ही तबकडी लावायची. आमच्या पोराची आहे. आधी लावा, मी ऐकतो, मग पेटी वर पाठवतो."

ती त्या दुपारी वाजली. कॉड चांगला असावा, कारण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजली आणि मग वाजतच राहिली. ब्लॅकपूल, लिव्हरपूल, बेलफास्ट. गिरण्यांतल्या पोरी, बिस्किटांच्या कारखान्यातल्या पोरी दुकानात जाऊन लिंबाचं गाणं मागायला लागल्या. लंडनच्या एका कंपनीने धावत येऊन ती देशभर काढली आणि बघता बघता ती पहिल्या विसात गेली.

मग टीव्हीवरच्या गुरुवारच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. डेस लंडनला बोलणी करायला गेला, मला सोबत घेऊन. कंपनीचा माणूस फार गोड होता. म्हणाला, "आवाज तोच राहील, नुसता चेहरा बदलू. आमच्याकडे एक मॉडेल आहे, ती ओठ हलवेल. कुणाला कळणार पण नाही. या बाईंचं दिसणं जरा... दणकट आहे ना?"

डेसने टोपी घातली. "आवाज आणि चेहरा एकाच बाईचे आहेत," तो म्हणाला. "वेगळे मिळत नाहीत." आणि आम्ही उठलो. टीव्हीचं बोलावणं रद्द झालं, गाणं घसरलं आणि पुढच्या महिन्यात यादीतून गेलं.

फ्लीटवूडला परतताना डेस गाडीत अगदी तरंगत होता. आपण नोरीनसाठी केवढं केलं! ट्रामच्या थांब्यावरच ती भेटली. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आणि तू नाही म्हणालास?"

"मग! तुझा अपमान—"

"माझा अपमान मी बघेन ना! मला विचारलंस? मला टीव्हीवर जायचंच नव्हतं, मूर्खा! गुरुवारी मी आईला घेऊन बिंगोला जाते. त्या पोरीला हलवू द्यायचे होते ओठ! आमच्या पाच जणींचं गाणं पहिल्या नंबरला गेलं असतं, आणि हा टोपी घालून आला उठून!"

"पण मला ते सहन नाही झालं," डेस म्हणाला.

"का? कुणी सांगितलं होतं तुला सहन करायला?"

ट्राम आली, कुणी चढलं नाही. "माझ्याशी लग्न करतेस का?" तो म्हणाला.

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाहीये. तोच विषय आहे."

नोरीनने माझ्याकडे पाहिलं. "विल्फ, हा शुद्धीत आहे का?" मी म्हटलं, असावा. "बरं," ती त्याला म्हणाली, "करते. पण भांडण संपलेलं नाही." आणि खरंच नव्हतं. लग्नाच्या जेवणात तिने ते सगळ्या पाहुण्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्यानंतर डेस नावाजला तो निर्माता म्हणून. त्याची स्वतःची गाणी दुसऱ्यांनी गायली, काही चांगली चालली. पण लोक यायचे ते धुरीघरासाठी. मँचेस्टरहून, लीड्सहून, पुढे पुढे लंडनहूनसुद्धा. जाताना सगळ्यांच्या केसांना किपरचा वास. एका मोठ्या गायकाला म्हणे त्याच्या बायकोने कोट अंगणात टांगायला लावला होता. डेस फार बोलायचा नाही. काचेपलीकडून एवढंच यायचं, "पुन्हा. आणि आता आईला सांगतोयस असं गा."

शेड बंद पडली तेव्हा नोरीनही धुरीघरात आली. आइसलंडच्या पाण्यात मासे कुणी धरायचे याचा वाद चिघळला, ट्रॉलर धक्क्याला लागल्या त्या लागल्याच. फार वाईट दिवस होते. हॅरल्ड दर सकाळी सामसूम धक्क्यावर चक्कर मारून यायचा. नोरीन आठवडाभर घरात बसली, मग एका सोमवारी किटली घेऊन स्टुडिओत आली आणि कारभार हातात घेतला. जादूगार आणि राजपुत्र यांच्यावर वीस-वीस मिनिटांची गाणी लिहिणारी एक झिपरी मंडळी तेव्हा तिथे होती. चहा देता देता तिने विचारलं, "बाळांनो, यात जेवायची सुट्टी कुठे येते?" ते गाणं शेवटी चार मिनिटांचं झालं, आणि त्यांचं तेवढंच एक चाललं.

जेराल्ड परत आला तो एकोणऐंशीच्या हिवाळ्यात. लान्स गॅलंटच्या दोन रेकॉर्डी निघाल्या होत्या, मग सुट्टीच्या कँपांत गाणं, मग तिथे बिंगोचे आकडे पुकारणं. दारात उभा होता, काळा चश्मा, कानांवर रंगवलेले केस. डेसने दार उघडलं. किती वर्षांनी दोघं समोरासमोर आले होते. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

"चहा घेतोस?" डेस म्हणाला.

"घेतो."

मग अर्धा तास दोघं फुटबॉलवर बोलले. शेवटी नोरीनलाच राहवलं नाही. "अरे, तो गायला आलाय! आणि तू त्याला माफ केलंयस की नाही ते एकदाचं सांग, माझे हे कप थंड होतायत."

"माफ काय करायचंय?" डेस म्हणाला. "तुझ्या जागी असतो तर मीही गेलो असतो. मला कुणी बोलावलं नाही."

जेराल्ड चश्मा काढून पुसायला लागला. पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेसने त्याला माईकपुढे उभं केलं. जेराल्डने जुन्या सवयीने डोळे मिटले, हात पसरला. "हात खाली," डेस म्हणाला. "आणि त्या कँपमधलं सांग. रिकाम्या हॉलमध्ये आकडे पुकारतोस तेव्हा काय वाटतं?" "काय वाटणार? पाय दुखतात," जेराल्ड म्हणाला. डेसने त्यावर त्याच दुपारी गाणं लिहिलं. जेराल्डचा आवाज खाली उतरला होता, मधे मधे तुटत होता. तो लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. शेवटचं कडवं गाताना तो नुसता बोलत होता, आणि मी वाजवायचंच विसरलो. डेसने ती चूक तशीच ठेवली. रेकॉर्ड फारशी खपली नाही, पण तिच्यावर नाव 'जेराल्ड पिलिंग' असं होतं, आणि त्याची थोरली बहीण ती घेऊन घरोघर दाखवत फिरली. पुढे तो इथेच राहिला. बाजारात पडद्यांच्या कापडाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकांशी गात गात बोलायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत डेस पुढे होता. बघवत नव्हतं, त्याचाच गुडघा दुखतो.

धुरीघर आता पाडलंय. डेस रोसॉलच्या किनाऱ्याजवळ राहतो, मोटारीच्या गॅरेजमध्ये एक छोटं मशीन ठेवलंय, मोटार बाहेर पावसात. वयाबरोबर त्याचे वरचे सूर गेले. झांजा आणि शीळ त्याला ऐकूच येत नाहीत. मग नोरीन शेजारी खुर्चीवर बसते, आणि झांज जास्त झाली की हात वर करते. तो बटण खाली करतो. तिला पटत नाही, ती पुन्हा हात वर करते. तो म्हणतो, "आता मुद्दाम करतेयस." बहुतेक वेळा करतेच.

परवाच्या मंगळवारी ट्राम चालवणाऱ्यांचा गानवृंद आला होता, लाइफबोटीच्या मदतनिधीसाठी रेकॉर्ड काढायला. गणवेशात नऊ जण आणि गॅरेजमध्ये जागा चौघांची. दोघं दाराबाहेर उभे राहून गात होते. मी कोपऱ्यात बास घेऊन.

"विल्फ, कमी वाजव," डेस म्हणाला.

"अजून सुरूच नाही केलं."

"तसंच ठेव. छान जातंय."

नोरीनने हात वर केला.